आईंचा डावा हात मी बांधला

सासूबाईंचा चांगला हात मी रोज दुपारी बांधून ठेवायचे, हे खरं आहे. मखमलाबादच्या आमच्या गल्लीत अजूनही कुणी ते उकरून काढतं आणि मी नाकारत नाही. दोन हजार सालची गोष्ट. दिवाळीनंतर मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता आई कलंडल्या. लकवा. उजवी बाजू गेली. महिनाभरात पाय ओढत का होईना चालायला लागल्या, पण हात मांडीवर पडून असायचा. बोटं जराशी हलायची, एवढंच.

आमच्याकडे आजारी माणसाला काही करू देत नाहीत. मी त्यांना भरवायचे, वेणी घालायचे आणि उरलेलं त्या डाव्या हाताने उरकायच्या. काय सेवा करतेय मी, म्हणून स्वतःवरच खूश! व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे पाहिलं आणि मलाच झापलं. "मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शेजारचे भाग त्याचं काम शिकतात, पण काम पडलं तर. तुम्ही पडूच देत नाही." रोज तीन तास चांगला हात बंद, असा उपाय त्यांनी सांगितला.

मी नवऱ्याचा धुतलेला मोजा काढला. आई म्हणाल्या, "पायातलं हाताला घालती? अक्कल हाय का?" मग जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, वर परकराची नाडी ओवली. समोर दोन वाट्या, एकीत सोललेले वाटाणे. एकेक उचलून दुसरीत टाकायचा. पहिल्या दिवशी एकही गेला नाही. निम्मे खाटेखाली पळाले आणि मला शिव्यांची लाखोली. जीभ शाबूत होती, देवाची कृपा. मीही ऐकून घेणारी नव्हे. "शिव्या देताय तेवढे वाटाणे उचला," म्हणायचे. कधी त्या रडायच्या. मग मी चुलीपाशी जाऊन रडून यायचे आणि परत वाट्या मांडायचे.

बातमी चांदवडला पोचली, सुनेने सासूला बांधून ठेवलंय. नणंद दुपारच्या एसटीने हजर. आल्या आल्या नाडी सोडली, मग माझ्यावर तोंड सोडलं. "वहिनी, आई काय जनावर आहे? मी नेते तिला. माझ्याकडे तिला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही." मला नेमकी तीच भीती. तिथे लाड होतील आणि हात कायमचा जाईल. मी म्हणाले, "ताई, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत राहू द्या. आईंच्या हातून कुंकू लागलं नाही, तर खुशाल न्या." नवरा मधे पडला नाही, तो शहाणा आहे. ताई कशाबशा कबूल झाल्या.

आईंना जायचं नव्हतंच. मळा सोडून दुसऱ्याच्या ओट्यावर बसून काय करू, म्हणायच्या. वाटाणा हळूहळू चिमटीत यायला लागला. मग दुपारी आपणच पिशवीत हात घालून हाक मारायच्या, "ये, बांध." भाताचा पहिला घास तोंडाशी पोचला तेव्हा अर्धा पदरावर सांडला. आम्ही दोघी इतक्या हसलो की सासरे काय झालं म्हणून मळ्यातून बघायला आले.

हळदीकुंकवाला गल्ली लोटली. करंडा माझ्या हातात. डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत, त्यामुळे पळवाट नव्हती. ताई सगळ्यांच्या आधी आईंपुढे बसल्या. आईंचे कपडे न्यायला त्यांनी रिकामी बॅगही आणली होती. आईंचा उजवा हात उठला, अर्ध्यावर थांबला. मी धरायला गेले तर डोळे वटारले. बोट कुंकवात बुडालं, ताईंच्या कपाळाला टेकलं आणि घसरत थेट नाकाच्या शेंड्यावर आलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"लय झालं गं, पुस," आई म्हणाल्या.

ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. "पुसू कशाला?" म्हणाल्या. माझ्या गालावरून एकदा हात फिरवला, तिळगूळ घेतला आणि संध्याकाळी तशाच लाल नाकाने चांदवडच्या एसटीत बसल्या, एकट्या.