सुटलेली शपथ

देवाधर्मात मी फारशी पडत नाही. हिंगणघाटला माझं शिवणसामानाचं दुकान आहे, दिवस त्यातच जातो. मुलगी किरगिझस्तानला डॉक्टरकीला गेली तेव्हा मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली होती, रस्त्यावर अनोळखी माणसाच्या हातचं काही खायचं-प्यायचं नाही. एक दिवस तिला ताप होता, खोलीतली सोबतीण गावी गेलेली, आणि सकाळपासून फोन बंद. कॉलेजातही कुणी उचलेना. मी गिऱ्हाईकाला दोनदा चुकीचा धागा दिला.

धाकटी जाऊ म्हणाली, "फोनाकडं पाहून का होते, ताई? चाला गिरडले." नवस-बिवस माझ्याच्यानं होणार नाही, असं मी तिला बजावलं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून गेले.

गिरडच्या टेकडीवर बाबांच्या दर्ग्यासमोर तिनं चादर चढवली. मी डोक्यावर पदर घेऊन कोरडीच उभी. ती हळूच म्हणाली, "पोरीले शपथ घातली होती ना तुमी? ते सोडा अगुदर. बांधलेल्या लेकराले बाबा तरी कसे सोडवतीन?"

हसायलाच येणार होतं. आमच्याकडे शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडायची असते, एवढं मात्र मीही मानते. पुटपुटले, "सुटली." आणखी काय मागावं ते सुचलंच नाही. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच कळलं.

पायऱ्या उतरताना परदेशी नंबरावरून फोन आला. आधी कुणी बाई भराभर बोलली, एक शब्द कळला नाही. मग मुलीचा आवाज. औषध आणायला निघाली होती, बाजारात चक्कर येऊन एका रोटीवालीच्या गाडीशी बसली. मुलीचा फोन केव्हाच बंद पडला होता, हा त्या बाईचा होता.

"ते बाई चहा देऊन राह्यली होती, आई. मी दोनदा नाई म्हटलं, तुही शपथ होती ना. मंग एकदम वाटलं, तूच घे म्हणतेस. घेतला. रागावू नको."

"कधी?" मी विचारलं.

"आत्ताच. कप हातातच आहे."

मी पायरीवरच बसले.

"काऊन बसल्या, ताई?" जावेनं विचारलं. तिकडे त्या बाईनं फोन परत घेतला. मी म्हटलं, "बाई, तुमचं भलं होवो." ती काहीतरी म्हणाली आणि हसली. नंतर कळलं, रोट्या तशाच झाकून ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली आणि सलाईन लागेपर्यंत तिथून हलली नाही.

हे कसं घडलं ते मला माहीत नाही. जाऊ म्हणते, तिला माहीत आहे. मी वाद घालत नाही. मुलगी बरी आहे. त्या बाईचं नावही आम्हाला ठाऊक नाही, पण दुकान उघडताना दिवा लावते तेव्हा पहिले हात तिच्यासाठी जोडते. मुलीला शपथा घालणं सोडलंय. फोन ठेवताना नुसतं म्हणते, "सांभाळून राहाजो," आणि पुढचं ज्याच्या हातात असेल त्याच्यावर सोपवते.