पूज्याचा मान

लवू हमालाबद्दल चांगलं लिहिणं माझ्या जिवावर येतं. तरी लिहितो, कारण तो माणूस खरंच चांगला होता, आणि तेच माझं दुखणं.

रत्नागिरीच्या बंदरावर आम्ही दोघं एकाच साली कामाला लागलो. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, तो तिसरीतून पळालेला. तरी आगबोटीचे उतारू किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरताना हाका मारायचे त्या लवूला. मासे विकणाऱ्या बायकाही त्यालाच विचारायच्या, "लवूदादा, जेवलास?" माझ्या पोटाची चौकशी कुणी केली नाही. मी नुसता जळायचो.

सन तीसच्या सुमारास ठेकेदार भिकाजीशेठ हमालांसाठी पितळी बिल्ले करायला निघाले. आकड्यांचे ठसे चारच होते: एक, दोन, तीन आणि पूज्य, म्हणजे आताच्या पोरांचं शून्य. बिल्ल्यावर तीन आकडे, त्यात एकही दुबार नको. नाहीतर एकशे बारा की एकशे बावीस, असा उतारू घोळ घालतात.

"असे बिल्ले किती होतील ते सांगेल तो मुकादम," शेठ म्हणाले. हमाल होते चोवीस. बिल्ला नाही त्याला काम नाही.

मी झटक्यात बोललो, "पहिल्या जागेला चार, दुसरीला तीन, तिसरीला दोन. चोवीस." आणि लवूकडे मुद्दाम बघितलं.

शेठनी काठीने वाळूत ०१२ काढलं. "हे तर बाराच झाले. पूज्य पुढे ठेवून तीन आकडी संख्या होते काय रे? असे सहा गेले. उरले अठरा."

कोणते सहा घरी जाणार म्हणून हमाल एकमेकांची तोंडं बघू लागले.

तेवढ्यात लवू पुढे झाला. "शेट, आमी अडानी मानसां. पन पूज्य म्हनायचा नि पुढं बसू द्यायचा नाय, ह्यो कसला मान?"

शेठ पोट धरून हसले आणि माझ्याकडे काठी करून म्हणाले, "बरं बाबा, चोवीस. रघूचाच हिशेब धरा."

शेठनी 'बाराच' म्हटलेला ०१२चा बिल्ला कुणी घेईना. तो लवूने आपल्या दंडाला बांधला.

मुकादमकी मला मिळाली. लोकांनी खांद्यावर घेतलं ते लवूला. पुढे नऊ वर्षं जड पेट्या मी मुद्दाम त्याच्याच डोक्यावर दिल्या. तो "व्हय, मुकादम" म्हणून उचलायचा. त्या दिवसावरून त्याने मला एकदा तरी टोमणा मारायला हवा होता. म्हणजे मला त्याचा निवांत द्वेष करता आला असता.