भाकड गाईचं गाव

"पहिले तिले आपला वास घेऊ द्या," असं म्हणून आमच्या मंडळीनं माझा हात धरला आणि गाईच्या नाकापुढं नेला. जसा काही मी पहिलीतला पोरगा! बारा वर्षं कोंडवाडा राखणाऱ्या माणसाला ही शिकवणी. मग आम्ही दोघं त्या भाकड गाईचे गोचीड काढत बसलो. मी कानामागचे, ती पोटाखालचे. ती एकेक राखेत टाकत होती आणि मी बडबडत होतो. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते.

आमच्या मंडळीचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेत नाही. पण तिनं मला फार तरास दिला, एवढं सांगतो.

लोकांच्या पिकात घुसलेली ढोरं आणून कोंडायची, मालक येऊन सोडवून नेतो, मुदतीत कोणी आलं नाही तर लिलाव. कोंडवाडा म्हणजे एवढंच; तेव्हा आमचं सरकार नागपूरला होतं. पण शाळा आमच्या भिंतीला लागून. पोरं भिंतीवर चढून गाढवांना खडे मारायची, मी काठी घेऊन धावायचो. एक दिवस हिनं सरळ फाटकच उघडलं.

"मारता काऊन बे? आत या. हात लावून पाहा."

झालं. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

गुरुजींनी फळ्यावर गाय काढली होती, वरखाली दात असलेली. पोरांनी इथं गाईचा ओठ उचलून पाहिला, तर समोर वरती दातच नाहीत. पोरं बोंबलत शाळेत पळाली. गुरुजी कोट सावरत आले, "असं कसं होईल?" म्हणत त्यांनी गाईच्या तोंडात बोटं घातली आणि मग बराच वेळ धोतराला हात पुसत उभे राहिले. तेव्हापासून दर शनिवारी अख्खी पहिली आमच्या दारात. एवढी वर्षं ढोरं राखून मीही गाईचे दात कधी पाहिले नव्हते. हे मी मंडळीला सांगितलं नाही.

पुढं तिनं पोरांना शेण काडीनं फोडायला लावलं. म्हणे, ढोर काय खाऊन आलं ते त्यात दिसतं. एका पोराची माय तणतणत आली.

"पोरगं शाळेत धाडतो मी, गोठ्यात नाई! गोठा तं माह्या घरी बी हाय."

"मंग घरी काऊन नाई दाखवत वं?" आमची मंडळी म्हणाली. मी मधल्या मधी दोघींच्या शिव्या खाल्ल्या.

दसऱ्यानंतर ही भाकड गाय आली. एक शिंग मोडलेलं, गळ्यात दावं नाही. मालक काही येईना. भाकड गाय लिलावात कोण घेतो आणि कशाला घेतो, ते तुम्हाला सांगायला नको. पोरांनी शेण फोडलं, तर सीताफळाच्या बिया!

"आजी, सीताफळाचं रान घाटावर हाय, मंजे गाय घाटावरची हाय!"

मंडळी अशी खूश, की मला घाट चढून देऊळघाटापर्यंत पायी पिटाळलं. तिथं गाय कोणी ओळखीना, उलट बियांची गोष्ट ऐकून लोक मलाच हसले. पाय मोडून परत आलो, तर एक चिमुरडी भिंतीवरून गाईला सीताफळ भरवत होती. रोजच भरवायची म्हणे. मी कपाळावर हात मारला. ही पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

"अहो, पोरायनं बराबर पाह्यलं. खायले कोण देते, ते आपणच नाई इचारलं."

गोचीड काढताना आमचं भांडण याच गाईवरून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

"सोडा ना तिले," ती म्हणाली. "ढोराले आपलं घर ठाऊक रायते. मी पोरं घेऊन तिच्या मागं जातो."

"येडी हायेस काय वं? सध्या ते नागपूरच्या सरकारचं ढोर हाय. सुटलं तं माही नोकरी गेली."

"गाय घरी जाईन म्हून मी पोरायले कबूल केलं हाय."

"मंग तूच निस्तर."

माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हे. ती हात धुऊन चुलीपुढं बसली आणि तिथंच कलंडली. दिवस बुडायच्या आत गावानं तिला मसणात नेलं.

सकाळी घरात भाऊबंद बसले होते. ढोरांना पाणी पाजायचं म्हणून मी बाहेर आलो, तर फाटकाशी पोरं उभी. शनिवार नव्हता.

"काऊन आले बे? आजी नाई आता."

त्यातलं एक बोललं, "आबा, गाय आज इकता काय?"

लिलावाची माणसं अजून यायची होती. मी फाटक उघडलं, गाईचं दावं सोडलं. ती बाहेर आली आणि सरळ एकाच्या ज्वारीत घुसली.

"कोंडवाड्यावालेच आता लोकायच्या वावरात ढोरं चारतात काय बे?" मालक ओरडला.

मी त्याला हात जोडले, गाय बाहेर काढली आणि घाटाच्या उलट, मोताळ्याच्या वाटेला लावली. पुढं ती, मागं मी, माझ्यामागं पोरं. फाट्यावर ती थांबली, तसे आम्हीही थांबलो. एकानं तिला हाकलायला हात उचलला.

"राहू दे बे," मी म्हटलं. "तिचं तिले ठरवू दे."

ती पुष्कळ वेळ उभी राहिली. मग डावीकडं वळली, आणि आम्ही तिच्या मागं.