एका ‘नाही’ची दुरुस्ती

विधान परिषदेच्या निवडणुकीत शिक्षकांना वेगळं मत असतं, आणि ते फुली मारून नव्हे, पसंतीचे आकडे लिहून द्यायचं असतं. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. उमेदवार आमच्या मुलींच्या शाळेत आले, हात जोडून म्हणाले, “बाई, पहिली पसंती आम्हाला.”

मी म्हटलं, “देते. पण निवडून आलात तर माझा एक प्रश्न वरच्या सभागृहात विचारायचा. शाळेला संडास नाही.”

चहा पिता पिता त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मला वाटलं, वही गेली की प्रश्नही गेला.

शाळा यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूच्या एका गावात होती; मुख्याध्यापिका मीच. जागा सरकारी, त्यामुळे मंजुरीशिवाय खड्डादेखील खणायचा नाही. मी तीन अर्ज केले होते. मुली मागच्या बोरींच्या आड जात. पाचवी-सहावीपर्यंत ते चालून जाई. आठवीत तांड्यावरची एक मुलगी होती, त्या तांड्यातून इतकी पुढे आलेली पहिलीच. दिवाळी झाली आणि तिची आई शाळेत आली. बसली नाही, दारातूनच बोलली.

“बाई, पोरगी मोठी झाली. बोरीआड कितीक दिवस जाईन ते? संक्रांतीपावतर पाह्यतो, मंग घरी बसवतो.”

संक्रांतीला दोन महिने होते. तेव्हापासून मला एका जागी बसवेना. तास घेताना खिडकीतून बोरी दिसत.

आणि ते उमेदवार निवडून आले होते; सभासद होऊन त्यांनी वही खरंच उघडली होती. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं तेव्हा जिल्हा कचेरीतला एक बाबू कागद घेऊन शाळेत आला. मुंबईचं सरकार, नागपूरचं सभागृह, यवतमाळची कचेरी असं फिरत फिरत माझा प्रश्न उत्तरासाठी माझ्याकडेच परत आला होता. त्यात लिहिलं होतं: “(अ) सदर मुलींच्या शाळेत शौचकूपाची सोय नाही, हे खरे आहे काय? (ब) असल्यास, त्याची कारणे काय व सदर सोय केव्हा होईल?”

बाबू उभाच. “बाई, घाई करा ना. मले चारची मोटार धरायची हाये.”

“कारणं लिहायला पान तरी लागेल.”

“एका शबदात लिवा. मंत्र्यायले लांबलचक नाही लागत. ‘ब’ आमी कचेरीत भरतो.”

संडास आहे का? नाही. मी ‘अ’पुढे ठळक अक्षरात लिहिलं, ‘नाही’. सही केली. बाबूला मोटार मिळाली.

उत्तर ऐकायला रजा टाकून नागपूरला गेले. सभासदांनी गॅलरीचा पास दिला होता. गॅलरीत बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, वाचायचं नाही, हात मांडीवर. असं बसणं माझ्या स्वभावात नाही. इतरांचे प्रश्न संपता संपेनात. मी पदराची दशी पार उसवून टाकली.

आमचा क्रमांक पुकारला. मंत्री उठले, वाचून दाखवलं, “(अ) नाही. (ब) प्रश्न उद्भवत नाही.” आणि बसले.

सभासदांनी पूरक प्रश्न विचारला, “ही माहिती कोणी दिली?”

“शाळेच्या मुख्याध्यापिकांनीच.”

सभागृह हसलं. मी उभी राहिले होते, ते मला कळलं नव्हतं. पहारेकरी कानाशी येऊन म्हणाला, “बाईसाहेब, बसा, नाहीतर बाहेर जा.” मी बाहेर गेले.

तासाभरानं सभासद बाहेर आले, ते रागानं लाल होऊन. “बाई, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत! नाही म्हणून लिहून दिलंत?”

“नाहीच आहे, म्हणून नाही लिहिलं!”

ते थबकले. खिशातून कागद काढून प्रश्न पुन्हा वाचला. ‘नाही, हे खरे आहे काय?’ मग डोक्याला हात लावला. “अहो, याला ‘होय’ लिहायचं असतं. होय, नाही हे खरे आहे.”

“मग असं उलटं विचारता कशाला?”

“पद्धत आहे.” त्यांनी सांगितलं, की हाच प्रश्न या अधिवेशनात पुन्हा घेता येणार नाही. खात्यानं स्वतः उत्तर दुरुस्त केलं तरच काही होईल, आणि त्यासाठी चूक कोणाची ते लेखी लागेल. “बाबूची लिहा. तुमच्या सर्व्हिस बुकात येईल नाहीतर.”

बाबूनं घाई केली होती, पण अक्षर माझं होतं. तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला आणि चूक माझी म्हणून सही केली.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात दोन ओळी वाचल्या गेल्या. सभासदांनी प्रत पाठवली: “‘नाही’ याऐवजी ‘होय’ असे वाचावे. बांधकामाची बाब विचाराधीन आहे.” माझ्या सर्व्हिस बुकात ठपका आला. संक्रांत आली. मुलगी शाळेत यायची थांबली.

मंजुरी फाल्गुनात आली. सभागृहात ‘होय’ म्हटल्यावर खात्याला ती दडपता आली नाही, एवढं खरं. गवंडी मे महिन्यात मिळाला. शाळा उघडायच्या आधल्या दिवशी मी तांड्यावर गेले. आई अंगणात तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “बाई, संडास अजून नाही ना झाला?”

‘नाही’ तोंडाशी आलं होतं. नाही, तसं नाही, असं म्हणायचं होतं मला. गिळलं.

“झाला आहे,” मी म्हटलं. “पक्क्या विटांचा आहे. दोन दारं आहेत. दोन्हींना आतून कडी आहे.”

सूप थांबलं. “आतून?”

“आतून.”

“मंग धाडतो उद्या,” ती म्हणाली. “पण मी येतो संग. कडी लावून पाह्यतो.”