धरणाला भरती नसते

आईला मी घाटावर घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी चहा पिताना एकच विचारायची, "बाय, मना घरी कवा नेशील?"

मी म्हणायचे, "नेऊ."

न्यायची नव्हती. तिथं तिला बघणारं कुणी उरलं नव्हतं. तिला स्वतःच्या घरात मरायचं होतं आणि मला ती एकटी मरायला नको होती. एवढाच आमचा तंटा. तो वर्षभर चालला.

माझं माहेर महाडच्या खाली, खाडीच्या काठी. गाव लहान. भात पिकायचं ते सगळं खाऱ्या जमिनीत. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर चढायचं आणि मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जायचं, भरतीला ते दार पाण्याच्या दाबानं आपोआप मिटायचं. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला बांध कधीकधी फुटायचा. मग घरटी एक माणूस बांधावर गेलंच पाहिजे, असा गावाचा नियम. पुढची भरती यायच्या आत भगदाड बुजवायचं, नाहीतर खारं पाणी आत शिरून तीन वर्षं पीक नाही. बाळंतीण घरात असली तरी त्या घराला माफी नव्हती, दुसरं कुणीतरी जायचं. माझी आजी डोळ्यांनी दिसत नसताना चिखलाची घमेली हातोहात पुढं द्यायला रांगेत उभी राहिली होती. कौतुक म्हणून सांगत नाही. ती गेली नसती तर गावानं आम्हाला विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं.

आम्हा पोरांना चालायला लागल्यावर पहिली गोष्ट शिकवायचे ती चिखलाची. ओहोटीला बायका-पोरं खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं असले खायचे शिंपले काढायची. तिथं रुतलं तर हातपाय मारायचे नाहीत, ओरडून दम घालवायचा नाही. पोट टेकून आडवं व्हायचं, हात पसरायचे आणि गप पडून राहायचं. भरती आली की पाणी अंगाखाली शिरतं आणि चिखल आपल्याला सोडतो. मी स्वतः एकदा तशी सुटले आहे. आईनं काठावर बसून बघितलं आणि सुटल्यावर मला दोन धपाटे घातले.

मला भोर तालुक्यात दिली. आमच्यात घाटाखालच्या मुली घाटावर द्यायची चाल होती. सासरचं गाव धरणाच्या काठाला आहे. चौथी शिकलेली आणि खाडीचा वास मारणारी सून म्हणून सासूनं पहिली दोन वर्षं मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. ते असो.

माहेरची तरणी माणसं हळूहळू मुंबईला गेली. माझा भाऊही गेला. वडील वारले. मग एका उधाणाला बांध फुटला तेव्हा बुजवायला म्हातारेच आले. त्यांच्यानं तो बुजला नाही. पुढच्या भरतीला भगदाड दुप्पट झालं. दोन-चार वर्षांत शेतात खारफुटीची तिवरं उगवली आणि पाणी आईच्या अंगणाच्या दगडी गडग्याला लागायला लागलं. शेजारचं शेवटचं घर बंद झालं, तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, माझी खोली एवढीशी, हिचं आन् आईचं पटत न्हाय. तुझ्याकडं जागा हाय." मी त्याच्याशी भांडले नाही. टेम्पो केला आणि वरंध्याच्या घाटानं आईला वर आणली. घाटात तिनं एकदाही मागं बघितलं नाही. ती चार दिवसांसाठी निघाली होती.

पावसाळा आणि थंडी बरी गेली. आईचं डोकं अधूनमधून चळायचं, पण हातपाय धड होते. पडवीत बसून समोरचं धरणाचं भरलेलं पाणी बघायची. मग उन्हाळा आला आणि धरणातलं पाणी खालच्या उसाला सुटायला लागलं. काठ रोज थोडा थोडा आत सरकला. चिखल उघडा पडला. आईच्या अंगात जीव आला.

"सुकती लागली," ती म्हणाली. सुकती म्हणजे ओहोटी.

"आय, ही खाडी न्हाई. धरान हाय हे."

"पानी उतरतंय का नाय?"

"उतरतंय."

"मंग झाला तर."

आमचे मालक जेवायला बसले होते. ते म्हणाले, "मामी, चांगली मोठी कालवं घावली तर सांगा. भोरच्या बाजारात नेतो."

"तुमाला कालवं फोडाया तरी येतंत का? घाटी मानूस."

मालक हसले. मीही हसले. माझी सून तेवढी म्हणाली, "आत्या, आज्जींना त्या चिखलाकडं जाऊ देऊ नका. मागल्या साली तितं म्हस गेलीया." मी म्हणाले, "ती कुठं जातीय."

आई रोज विचारायची, पाणी परत कधी येणार. मी सांगायचे, पावसाळ्यात. तिला ते पटत नव्हतं. एवढी लांब सुकती तिनं जन्मात बघितली नव्हती. पण त्या दिवसांत तिनं घरी न्यायचं विचारणं सोडलं, म्हणून मला बरंच वाटत होतं.

एका सकाळी सून आणि मी राब भाजायला माळावर गेलो होतो. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर वारं पडलेलं असताना भाजावी लागते, थांबता येत नाही. मालक भोरला. आम्ही परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सून आत जाऊन बाहेर आली.

"आत्या, आज्जी न्हाईत."

घराच्या मागं बघितलं, देवळात बघितलं. मग मी काठाला गेले. चिखलाच्या कडेला तिची टोपली होती आणि टोपलीत कोयती. पुढं बरंच आत, जिथं चिखल ओला होता, तिथं हिरवं लुगडं दिसलं. ती पालथी पडली होती. हात दोन्हीकडं पसरलेले, गाल चिखलाला टेकलेला. मला वाटलं, मेली.

"आय."

तिनं डोळे उघडले. "वरडू नको," ती म्हणाली. "पानी आला की येते."

सकाळपासून ती तशी पडली होती. एकदाही हाक मारली नव्हती. पलीकडून म्हशी धुणाऱ्या एकानं तिला बघितलं होतं. त्यानं नंतर सांगितलं, "मला वाटलं बाभळीचा ओंडका उघडा पडलाय. हलंना का बोलंना." बाकी कुठलीही म्हातारी ओरडली असती, धडपडली असती आणि अर्ध्या तासात गावाला कळलं असतं. तिला लहानपणी जे शिकवलं होतं ते तिनं नीट केलं.

सुनेनं गावातून माणसं आणली. तोवर मालकही आले. पेंढ्याचे भारे टाकले, त्यावर शिडी आडवी घातली, एक तरणा गडी कमरेला दोर बांधून शिडीवरून सरपटत गेला. मालक काठावर दोर धरून उभे होते.

"मामी, त्येला हात द्या."

"पानी येऊ दे, जावई. मंग आपोआप सुटते."

"पानी न्हाई यायचं, मामी. आखाडात येईल आता."

तिनं गाल चिखलावरून उचलला नाही. हातही दिला नाही. गड्यानं तिच्या काखेत दोर घालून ओढली. पाय मोकळे व्हायला वेळ लागला. पाठीची आणि मानेची कातडी उन्हानं फोडासारखी उठली होती. तिला काठावर निजवलं तेव्हा गड्यानं विचारलं, "आज्जी, वरडायचं न्हाई व्हय?" ती पाण्याकडं बघत होती.

भोरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घरी न्या. घरी आणली. ताप होता, पण शुद्ध होती. डोकंही उलट पहिल्यापेक्षा ठिकाणावर होतं. सकाळी चहा दिला तर प्याली आणि कप खाली ठेवला. मी वाट बघत बसले. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मीच म्हणाले, "आय, तुला घरी नेते. खरंच नेते. टेम्पो सांगते."

"कशाला?"

"तुला जायचं हुतं ना."

"आता काय हाय तितं. खाडी मेली."

"खाडी कशी मरंल? तितं रोज पानी येतंय, जातंय. हे धरान हाय. हितं भरती नसती."

"मी दिसभर बगली ना वाट," आई म्हणाली. "उधानाचा दिस होता. नाय आला."

मी पुष्कळ समजावलं. धरण काय, खाडी काय, बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. मालकांनीही सांगून बघितलं. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. वर्षभर मी तिला सांगत होते की तिकडं आता काही राहिलं नाही, घर विसर. ते तिला पटलं नव्हतं. आता पटलं होतं, आणि ते काढून टाकायला माझ्याजवळ काही नव्हतं. टेम्पो मी तरीही सांगितला. म्हटलं, उचलून नेऊ, डोळ्यांनी पाणी बघेल. गाडीवाला ज्या दिवशी येणार होता त्याच्या आदल्या दुपारी ती गेली. तोंडात पाणी घातलं ते ओठावरून बाहेर आलं.

भाऊ मुंबईहून आला तोवर आम्ही गावच्या स्मशानात लाकडं रचली होती. अग्नी त्यानं दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा तो म्हणाला, "ताई, अस्थी आपल्या खाडीत सोडाव्यात."

"सोड की. घाटातनं यष्टी हाय."

त्यानं मोबाईल काढून वेळ बघितली. त्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. त्यानं भोरला नदीत मडकं सोडलं आणि स्टँडवर जाऊन पुण्याची गाडी धरली. मी घरी आले. राब अर्धा भाजायचा राहिला होता, तो सुनेला घेऊन पुरा केला.