दोन टोकांचा ब्रश

मलकापुरात शेषरावांचा फोटो स्टुडिओ होता. काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरायचं काम त्यांची बायको कोकिळा करायची. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास तिचा बारीक ब्रश झिजला आणि तसा दुसरा गावात मिळेना. त्यातच उंद्रीच्या गोजरबाईंनी वारलेल्या बहिणीचा फोटो रंगवायला दिला.

"नथीतला मोती उठून दिसला पाह्यजे, बाई. तिले लई हौस होती नथीची."

ब्रश घरीच करायचं कोकिळानं ठरवलं. कापसाची गाडी घेऊन आलेल्या पुंजाजीकडे तिनं बैलाच्या कानातले केस मागितले.

"काऊन वं बाई? करणी-बिरणी त नाही ना?" असं म्हणत त्यानं कातरून दिले.

तिनं केस दोऱ्यानं बांधून पिसाच्या पोकळ दांडीत बसवले. कोरडे होते तोवर ते पिंजारलेले असायचे, पण पाण्यात बुडवून बाहेर काढले की आपसूक एकमेकांना बिलगायचे आणि टोक तयार व्हायचं. फक्त एकाऐवजी दोन. मोत्याच्या जागी दोन ठिपके उमटले, फोटो वाया गेला. शेषरावांनी दुसरा छापून दिला.

केस साबणानं धुतले, सोडून पुन्हा बांधले, तरी तेच. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शेवटी ती भिंग घेऊन बसली. ओले केस आधी शेजारच्याला चिकटत, जोड्यांचे झुपके होत, झुपके आणखी जवळ येत. पाणी त्यांना ओढत होतं. पण अखेरचे दोन झुपके ताठ राहत. त्यांना वाकवण्याइतका जोर पाण्यात नव्हता.

"जाडे केसच आडवे येऊन राह्यले," ती शेषरावांना म्हणाली. तिनं जाडे केस उपटून टाकले, उरलेले घट्ट आवळले. आता एकच टोक आलं. तेही रंग ओला असेतो टिकायचं. वाळू लागला की पुन्हा फाटायचं. एकेका रेघेला बुडवत, चरफडत तिनं फोटो पुरा केला. मोती नेमका बसला.

गोजरबाई बराच वेळ बघत राहिल्या, पदरानं डोळे पुसले.

"नथ बराबर आली. पन लुगड्याचे काठ हिरवे होते वो बाई, लाल नाही."

कोकिळानं ओठ आवळले. शेषराव तिसरा फोटो छापायला अंधाऱ्या खोलीत गेले.