समोरच्या पट्टीवरचे ओरखडे

माझ्या आईने आयुष्यभर ओरखडे मोजले. प्रयोगशाळेत साहेब कणांचा मारा करून अणूचे गाभे फोडायचे आणि त्यांचे तुकडे कुठल्या दिशेला किती उडतात ते बघायचे. भोवती वेगवेगळ्या कोनांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असायच्या. तुकडा आदळला की बारीकसा ओरखडा. कुठे जास्त, कुठे कमी, यावरून फुटण्याआधी गाभा कसा ताणला होता ते साहेबांना कळायचं. डोळे फोडायचे मात्र आईबाबांनी.

दोघांचे सूक्ष्मदर्शक एकाच टेबलावर, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. प्रत्येक पट्टी दोघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा एकमेकांना सांगायचा नाही. जुळला तरच खरा. आई तर आकडा सांडेल म्हणून शिंकसुद्धा दाबायची. घरी भाजीतल्या मिठावरून भांडणारी ही माणसं तिथे मात्र हटकून जुळायची. बाबांना त्याचा कोण अभिमान!

मग एकदा समोरच्या, म्हणजे माऱ्याच्या थेट रेषेतल्या पट्टीवर दोघांच्या आकड्यांत फरक आला. तिथे ओरखड्यांची नुसती दाटी, आणि बाबांना आता जवळजवळचे दोन ओरखडे एकच दिसत होते. आईच्या ते लगेच लक्षात आलं. साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझंच चुकलं. त्यानंतर बाबा चहाला गेले की ती त्यांची वही बघायची आणि आपला आकडा खाली आणायची. त्यांना म्हातारा म्हणून घरी बसवतील, ही तिची धास्ती. चार ओरखड्यांनी कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

बिघडलं. बाजूच्या पट्ट्यांचे आकडे तेच राहिले, समोरचे उतरले. तुकडे सगळीकडे सारखेच उडतायत, असं साहेबांना वाटायला लागलं. हे आजवर कुणालाच मिळालं नव्हतं. लेख धाडण्याआधी ते दोघांचे आभार मानायला टेबलापाशी आले, आणि आईचा धीर सुटला. बाबांच्या देखतच तिने सगळं सांगून टाकलं.

साहेब रागावले नाहीत. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसायला लागलं. तरी ते त्या टेबलावर परत गेले नाहीत, आईशी कामापुरतंच बोलू लागले. आई रडून रडून अर्धी झाली. मला दोघांचाही राग यायचा. शेवटी मी बाबांना फैलावर घेतलं, म्हटलं, तुमच्यासाठीच केलं ना तिने?

बाबा म्हणाले, "डोळे गेलेत हे मला कळायची एकच सोय होती. तिचा आकडा."

आई दारातच उभी होती. तिने ते ऐकलं.